दुकानातल्या चोरीसाठी महाराष्ट्राचा वेगळा कायदा हवा

लक्ष्मीरोडवाला:
दिवाळीआधी दुकानात पाय ठेवायला जागा नसते. दोघी साड्यांचा ढीग पाडायला लावतात, तिसरी एक पिशवीत सरकवते. कॅमेऱ्यात सगळं दिसतं. चौकीवर पहिला प्रश्न, "माल केवढ्याचा?" ५ हजारांच्या आत म्हटलं की एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून कागद हातात. जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत तर पहिल्यांदा दोषी ठरलेल्याने एवढा माल परत केला की शिक्षा काय, समाजसेवा! कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये ९५० डॉलरपर्यंतची चोरी किरकोळ ठरवली. २०२४ मध्ये मतदान घेऊन वारंवार चोरणाऱ्यांसाठी पुन्हा कडक केलं. आपण संघटित गुन्हेगारीसाठी राज्याचा स्वतःचा मोक्का कायदा आणलाच ना १९९९ मध्ये?

अर्धवकील:
साडीचोरीला मोक्का, वा! अहो, त्या तिघींसाठी संहितेत कलम आहेच. ११२, किरकोळ संघटित गुन्हा. टोळीने केलेली दुकानातली चोरी त्यात स्पष्ट लिहिली आहे, १ ते ७ वर्षं. शिवाय ३०५: माल ठेवायच्या इमारतीतली चोरी, ७ वर्षांपर्यंत. तिथे ५ हजारांची सवलत नाही. ठाण्यात साध्या चोरीचं ३०३ लावतात आणि तुम्ही मुकाट सही करून येता.

लक्ष्मीरोडवाला:
म्हणजे हवालदाराला कलमं मीच शिकवायची. गिऱ्हाईक कोण बघणार?

काउंटरमागची:
मी मॉलमधल्या शोरूममध्ये होते. माल कमी भरला की आमच्या पगारातून कापायचे. कायदा कडक करा, पण संशय कोणावर येतो तेही बघा. धुणंभांडी करणारी बाई ड्रेस बघायला आली की सिक्युरिटी मागे मागे. गाडीतून उतरलेल्या मॅडमची पर्स कोणी उघडायला लावल्याचं मी पाहिलं नाही.

अर्धवकील:
पर्स उघडायला लावायचा हक्क दुकानदाराला दिलाय कोणी? डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा झाला तर पकडता येतं, पण ६ तासांच्या आत पोलिसांकडे द्यावं लागतं. मागच्या खोलीत बसवून दमदाटी केली तर गुन्हा तुमच्यावर.

तुळशीबागकर:
आमच्याकडे वीस रुपयांची कानातली जातात. पोलीस कसले बोलावताय, नजर ठेवा.

लक्ष्मीरोडवाला:
वीस रुपयांचं ठीक आहे हो. आज माझ्याकडे ४ हजारांचा माल, उद्या कोथरूडला ४ हजारांचा. खटला निकाली निघेपर्यंत दोन्हीकडे 'पहिलीच वेळ'. या चोऱ्यांच्या किमतीची बेरीज करणारं एक कलम द्या, समाजसेवेची सवलत खुशाल ठेवा.

अर्धवकील:
बेरजेला माझी हरकत नाही. पण राज्याने संहितेविरुद्ध तरतूद केली तर राष्ट्रपतींची मंजुरी लागेल. तोवर ३०५ लावून घ्या.