सामायिक सदनिकेत मांजर आणि पिंजऱ्यातील बजरीगर

प्रश्न: पुण्यात आम्ही तिघीजणी भाड्याच्या सदनिकेत राहतो. माझ्याकडे बजरीगर या छोट्या पोपटांची जोडी आहे. नव्याने राहायला आलेल्या मैत्रिणीची मांजर तासन्‌तास पिंजऱ्यासमोर दबा धरून बसते. पिंजरा बंद असतो; तेवढे पुरेसे आहे का?

उत्तर १: नाही. मांजर गजांतून पंजा आत घालते आणि पंजा लागला नाही, तरी घाबरलेले पक्षी रात्री फडफडून स्वतःला इजा करून घेतात. गजांमधील अंतर सव्वा सेंटिमीटरहून अधिक नसावे, दाराला वेगळी कडी असावी आणि पिंजरा कपाट, खिडकी यांपासून दूर, छताच्या हुकाला टांगावा.

उत्तर २: मांजर दीड मीटर उंच उडी सहज मारते. त्यामुळे माझ्या मते पक्ष्यांसाठी कायम बंद राहणारी खोली हाच खरा उपाय आहे, आणि दार लावून घेण्याची जबाबदारी तिघींनीही मनापासून स्वीकारायला हवी.

उत्तर ३: एक गोष्ट कळकळीने सांगते. दात किंवा नख किंचित जरी लागले, तरी जखम दिसत नाही म्हणून थांबू नका. मांजरीच्या तोंडातील पाश्चुरेला जिवाणूंमुळे एवढासा पक्षी एक-दोन दिवसांत दगावू शकतो, म्हणून त्याला तत्काळ पशुवैद्याकडे न्यावे.