लिलावात जाणाऱ्या घरातील खिडक्या, ओटा, वायरिंग काढून नेणे योग्य आहे का?

भांडुपची ताई

माझ्या धाकट्या भावाचा भांडुप पश्चिमेला वन बीएचके फ्लॅट आहे. त्याचे दुकान बंद पडले आणि गृहकर्जाचे हप्ते थकले. सरफेसी कायद्याखालील (थकीत कर्जासाठी तारण घर कोर्टात दावा न लावता ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार बँकेला देणारा कायदा) साठ दिवसांच्या नोटिशीची मुदत संपली, गेल्या आठवड्यात दारावर ताब्याची नोटीस चिकटवली गेली आणि ती मराठी वर्तमानपत्रातही छापून आली. तेव्हापासून त्याचे एकच म्हणणे आहे, की जे मी पोटाला चिमटा काढून उभे केले ते बँकेच्या घशात का घालू? मागच्या रविवारी त्याने बेडरूमची सरकती ॲल्युमिनियमची खिडकी चौकटीसकट उचकटून भंगारवाल्याला दिली. हातात दोन हजार सहाशे रुपये आले. परवाच्या पावसात तिथून पाणी आत येऊन गादी भिजली आणि माझी भाची आता हॉलमध्ये झोपते. येत्या रविवारी ग्रॅनाइटचा ओटा, ट्रॉल्या, वायरिंग आणि बाथरूममधील नळ काढण्यासाठी त्याने माणूस ठरवला आहे. मी थोरली बहीण आहे, त्याचे दुःख मला कळते, पण मन धास्तावले आहे. त्यातले त्याचे काय, बँकेचे काय, आणि असे केल्याने त्याचे नेमके काय बिघडेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त वसुली अधिकारी, मुलुंड

ताई, मी बँकेच्या वसुली विभागात काम केले आहे, म्हणून सर्वांत आधी एक गैरसमज दूर करतो. ते घर अजून बँकेचे झालेले नाही. दारावर लागलेली नोटीस हा सांकेतिक, म्हणजे फक्त कागदोपत्री ताबा आहे आणि विक्री पूर्ण होईपर्यंत मालक तुमचा भाऊच आहे. लिलावात येणारी रक्कम खर्च, व्याज आणि मुद्दल यांत वळती होते व उरलेली रक्कम सरफेसीच्या कलम 13(7) प्रमाणे त्यालाच परत मिळायची असते; उलट रक्कम कमी पडली, तर कलम 13(10) प्रमाणे उरलेल्या थकबाकीसाठी बँक कर्जवसुली न्यायाधिकरणात जाऊ शकते. समजा, एकूण देणे 48 लाख आहे आणि धडधाकट घराला 60 लाख येतात, तर 12 लाख तुमच्या भावाचे आहेत. तेच घर उचकटलेल्या अवस्थेत 52 लाखांना गेले, तर बँकेचे काहीच बुडत नाही. जे आठ लाख गेले ते त्याच्या मुलीच्या ताटातले गेले. आणि किंमत 48 लाखांच्याही खाली उतरली, तर घर जाऊनही देणे शिल्लक राहते.

किंमत अशी पडते, हे मी अनेकदा पाहिले आहे. राखीव किंमत, म्हणजे लिलावातील बोलीची किमान रक्कम, ठरवण्याआधी बँकेला मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून मूल्यांकन करून घ्यावे लागते. तो फोटो काढतो, त्यावर राखीव किंमत ठरते आणि पाहायला येणारा बोलीदार उघड्या खिडकीतून आलेली ओल पाहून आतल्या न दिसणाऱ्या गोष्टींचेही पैसे मनात वजा करत जातो. म्हणूनच खिडकीचे भंगारात आलेले दोन हजार सहाशे आणि तिच्यामुळे बोलीत होणारी घट यांचा मेळ कधीच बसत नाही.

आता त्याचे काय आणि गहाणातले काय? 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे भिंती आणि भिंतींच्या कायमच्या उपयोगासाठी त्यांना जोडलेल्या वस्तू स्थावरात मोडतात. म्हणजे खिडक्या, दारे, ओटा, फरशी, भिंतीतील वायरिंग आणि पाइप घराबरोबरच जातात. फ्रीज, शेगडी, पलंग, सुटे कपाट, पडदे, देव्हारा हे निःसंशय त्याचे. पंखे, गीझर, ट्रॉल्या यांवर वाद होतात, तेव्हा यादी करून बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याला लेखी विचारलेले बरे. याच कायद्याच्या कलम 66 नुसार घर आपोआप जीर्ण झाले तर गहाण ठेवणारा जबाबदार नसतो, परंतु तारण अपुरे पडेल अशी कायमची नासधूस त्याने करता कामा नये.

2008 च्या सुमारास अमेरिकेत घरे गमावणाऱ्या अनेकांनी तांब्याचे पाइप आणि स्वयंपाकघरातील उपकरणे काढून नेली, तेव्हा घर धड ठेवून किल्ल्या देणाऱ्याला रोख रक्कम देण्याची वाट तिथल्या बँकांनी काढली. आपल्या कायद्यात तशी तरतूद नाही, पण घर धड असेल तर बोलणी करता येतात. भावाला बँकेत घेऊन जा आणि बँकेच्या संमतीने स्वतःच गिऱ्हाईक आणून विक्री करण्याची लेखी परवानगी मागा. सरफेसीच्या कलम 13(13) मुळे संमतीशिवाय विक्री करता येत नाही. पण संमती मिळाली तर लिलावापेक्षा चांगली किंमत येण्याचा संभव असतो. पूर्ण देणे फेडून घर सोडवायचे असेल, तर सरफेसीतील 2016 च्या दुरुस्तीनंतर लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्याआधीच ते करावे लागते. कारवाईत चूक वाटत असेल, तर त्याच कायद्याच्या कलम 17 खाली कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज करण्यास 45 दिवस मिळतात. त्यातला एक आठवडा गेला आहे, हे ध्यानात घ्या.

कांदिवलीचा रहिवासी

मी लिलावात घर घेणाऱ्यांपैकी आहे. बोली मंजूर होताच पंचवीस टक्के आणि पुढे पंधरा दिवसांत बाकीची रक्कम भरली, त्यासाठी आईचे दागिने गहाण ठेवले. विक्री ‘जसे आहे, जेथे आहे’ या अटीवर होती, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. कोर्टाने नेमलेल्या कमिशनरांनी कुलूप तोडून ताबा घेतला होता. आम्ही आत गेलो तेव्हा स्विचबोर्डांच्या जागी नुसती चौकोनी भोके होती, पाइपांतून वायर ओढून काढलेली होती आणि संडासच्या भांड्यात सिमेंट ओतलेले होते. ते सिमेंट फोडताना खालच्या मजल्यावरील आजींच्या छताला गळती लागली. त्यांनी कोणाचे काय बिघडवले होते?

एक गोष्ट मात्र मी विसरलो नाही. स्वयंपाकघरातील सगळ्या टाइल्स हातोडीने फोडलेल्या होत्या, फक्त कोपऱ्यातील चार टाइल्स शाबूत होत्या आणि त्यांवर हळदीकुंकवाची बोटे उमटलेली होती. तिथे देव्हारा असावा. फोडणाऱ्याचा हात तिथे थांबला होता. आमचाही देव्हारा आम्ही तिथेच ठेवला. ताई, तुमच्या भावाचा राग मला समजतो, पण तो बँकेपर्यंत पोहोचत नाही, आमच्यासारख्यांच्या दारात येऊन पडतो.

सोसायटीचे सचिव, बोरिवली

खिडकी चौकटीसकट काढताना बाहेरचे प्लास्टर सुटते आणि पाणी शेजाऱ्यांच्या भिंतीत उतरते, त्यामुळे सोसायटीही तक्रार करू शकते. भारतीय न्याय संहितेतील कलम 324 प्रमाणे दुसऱ्याचे नुकसान करण्याच्या हेतूने स्वतःच्या मालमत्तेची नासधूस करणे हासुद्धा गुन्हा ठरू शकतो. नुकसान एक लाखावर गेले तर शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे. मेंटेनन्स थकला असेल तर तोही आकडा लेखी मागून घ्यावा, कारण गिऱ्हाईक पहिला प्रश्न तोच विचारते.

भांडुपची ताई

आपण सर्वांनी वेळ काढून लिहिले, मनापासून आभार. काल रात्री भावाला आणि वहिनीला शेजारी बसवून सगळे वाचून दाखवले. बारा लाखांच्या हिशेबावर तो काही बोलला नाही, पण देव्हाऱ्याचे वाचल्यावर उठून गॅलरीत गेला. आज सकाळी त्याने रविवारच्या माणसाला येऊ नको म्हणून फोन केला. जुनी खिडकी भंगारवाल्याने केव्हाच कापून टाकली होती, म्हणून नवीन बसवायला दिली आहे. तोवर ताडपत्री लावली आहे. उद्या आम्ही दोघे बँकेत जाणार आहोत. सोबत काय न्यावे?

निवृत्त वसुली अधिकारी, मुलुंड

दोन्ही नोटिसा, कर्जखात्याचा अलीकडचा उतारा, सोसायटीच्या थकबाकीचे पत्र आणि प्रत्येक खोलीचे आजच्या तारखेचे फोटो न्या. पुढे बँकेने कुलूप लावल्यावर घराची नीट काळजी घेणे ही प्राधिकृत अधिकाऱ्याची जबाबदारी असते, आणि तेव्हा काही मोडले तर हे फोटो भावाच्या कामी येतील. अर्ज दोन प्रतींत लिहा आणि एका प्रतीवर शिक्का, सही व तारखेसह पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.