१४ एप्रिल २०१७ : ‘डॅम’ आपण नागपुरात कसा ऐकला? (अनुभव धागा)

केंड्रिक लामार या अमेरिकी रॅपरचा ‘डॅम’ हा चौथा स्टुडिओ अल्बम १४ एप्रिल २०१७ रोजी, शुक्रवारी, प्रदर्शित झाला. ख्रिस्ती जगात तो गुड फ्रायडे होता. नागपुरात मात्र त्या तारखेची ओळख एकच. जयंतीनिमित्त दीक्षाभूमीवर आणि संविधान चौकात दरवर्षीप्रमाणे गर्दी होती, त्यातच पंतप्रधानांचा दौरा असल्याने बंदोबस्तही मोठा होता, आणि याच गडबडीत शहरातील काही कानांमध्ये १४ गाण्यांचा, सुमारे ५५ मिनिटांचा हा अल्बम शिरला. त्याची परीक्षणे पुष्कळ झाली आहेत, ती येथे नकोत. तो कोठे, कोणाबरोबर, कशावर ऐकला आणि ऐकताना नेमके काय मनाला भिडले, एवढे लिहावे. उशिरा ऐकणाऱ्यांनीही लिहावे.

इंदोऱ्याहून, अभियंता

मी तेव्हा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होतो. १३ तारखेच्या रात्री बाराला संविधान चौकात पोहोचायचे, हा आमच्या वस्तीतील मुलांचा ठरलेला क्रम. पहाटे घरी परतलो तेव्हा कानात भीमगीतांचा बेस घुमत होता आणि झोप येण्याचे चिन्ह नव्हते, म्हणून गच्चीवर जाऊन अल्बम उतरवून घेतला. स्पॉटिफाय भारतात येण्यास अजून जवळपास दोन वर्षे होती. कोणी कोठून उतरवला हे विचारू नये.

पहिल्याच गाण्यात निवेदक रस्त्यावर काही तरी शोधणाऱ्या एका अंध स्त्रीच्या मदतीला जातो आणि तीच त्याच्यावर गोळी झाडते. शेवटच्या गाण्यात पुन्हा गोळीचा आवाज येतो, ध्वनिफीत उलटी फिरते आणि पहिल्या गाण्याचा आरंभ पुन्हा ऐकू येतो. तेथे पोहोचेपर्यंत ऊन गच्चीवर आले होते. त्या शेवटच्या गाण्याचे नाव आहे ‘डकवर्थ’, म्हणजे केंड्रिकचे स्वतःचे आडनाव (त्याचे पूर्ण नाव केंड्रिक लामार डकवर्थ). कोंबडीचे पदार्थ विकणाऱ्या दुकानात काम करणारे त्याचे वडील एका गुंड ग्राहकाला जास्तीचे खायला देत राहतात आणि दुकान लुटले जाते तेव्हा त्या ओळखीमुळे वाचतात. पुढे तोच ग्राहक ध्वनिमुद्रण कंपनी काढतो आणि त्या वडिलांच्या मुलाला करारबद्ध करतो, अशी ती खरी हकिकत आहे. आमच्या घरी वामनदादा कर्डकांची गाणी रोजची. त्यांत अखेरच्या कडव्यात ‘वामन’ येतो आणि ऐकणाऱ्याला कळते की आता गाणारा स्वतःची साक्ष देत आहे. त्यामुळे आडनावावर संपणारा अल्बम मला परका वाटला नाही. मित्रांना हे सांगितले तेव्हा ते हसले, परंतु माझे मत बदललेले नाही.

पाचपावलीहून, साउंडचा व्यवसाय

मला इंग्रजी गाण्यांतील शब्द कळत नाहीत आणि कळल्याचा आव मी आणणार नाही. मिरवणुकीत आम्ही अर्थातच भीमगीतेच वाजवतो. परंतु दुपारी गाडीवर बेस आणि टॉपचे स्पीकर रचून झाले की चाचणीसाठी काही तरी लावावे लागते, आणि त्या वर्षी माझ्या पुतण्याने ‘हम्बल’ लावले. ते गाणे अल्बमच्या आधी, ३० मार्चला आले होते, असे तो म्हणाला. मला त्यात आवडली ती मोकळी जागा. खालच्या पट्टीतील पियानोचे दोन-चार स्वर, खाली बेसचा ठोका आणि वर आवाज. बाकी फारसे काही नाही. आमच्याकडच्या रिमिक्समध्ये ढोल, क्लॅप, कीबोर्ड आणि भोंगा सगळे एकाच वेळी वाजत असल्यामुळे ॲम्प्लिफायर दमतो आणि आवाज फाटतो. येथे मात्र बेस सुटल्यावर पूर्ण विरायला वेळ मिळत होता. तेव्हापासून नवीन स्पीकर घेताना मी हेच गाणे घेऊन जातो. दुकानदारांना ते कोणाचे आहे हे ठाऊक नसते, पण स्पीकर खरा की खोटा हे दोघांनाही लगेच कळते.

नंदनवनहून, बँकेतून सेवानिवृत्त

माझा अनुभव अल्बमनंतर पुष्कळ दिवसांनी आलेला आहे. मुलगा उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी होता, कूलरच्या आवाजावर मात करण्यासाठी स्पीकर मोठा लावून बसत असे, आणि शिव्या ऐकून मी दोनदा ओरडलेही होते. शेवटी तो म्हणाला, “आई, हे एक गाणे माझ्यासाठी ऐक, मी ओळ न् ओळ समजावून सांगतो.” ते ‘फिअर’ होते, अल्बममधील सर्वांत लांब गाणे. त्याच्या पहिल्या कडव्यात सात वर्षांच्या मुलाची आई बोलते. गृहपाठ, शेजाऱ्यांकडच्या तक्रारी, घरातील वस्तूंची नासधूस, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी मारण्याची धमकी. पुढच्या कडव्यांत तोच मुलगा सतरा वर्षांचा होतो तेव्हा त्याला आपण कोणत्या कोणत्या प्रकारे मारले जाऊ याची भीती आहे, आणि सत्तावीसाव्या वर्षी मिळालेले सगळे हातून जाईल याची.

मुलगा गाण्याचे कौतुक करीत होता आणि मी त्या आईचा विचार करीत होते. केंड्रिक जेथे वाढला त्या लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनसारख्या वस्तीत मुलगा वाढवताना ती ज्या गोष्टीला भीत असेल ती तिने मुलाला सांगितली नाही, फक्त मार देईन असे सांगितले. आमच्या चाळीत वाढलेल्या कोणत्याही बाईला हे समजावून सांगावे लागणार नाही. शिव्यांबद्दलचे माझे मत मात्र कायम आहे.

धरमपेठेहून, महाविद्यालयात इंग्रजीचे अध्यापन

१६ एप्रिल २०१८ रोजी या अल्बमला संगीताचे पुलित्झर पारितोषिक जाहीर झाले. अभिजात पाश्चात्त्य संगीत आणि जॅझ यांच्या बाहेरच्या रचनेला ते प्रथमच मिळाले होते. आदल्या दिवसापर्यंत रॅपला गोंगाट म्हणणारे काही सहकारी दुसऱ्या दिवशी त्याच्या सामाजिक आशयावर बोलू लागले, याची मला गंमत वाटली. विद्यार्थ्यांना पुरस्काराचे काहीच नव्हते, ते वर्षभर आधीच पाठ करून बसले होते.

मी वर्गात ‘डीएनए’ घेतले. एका अमेरिकी वृत्तवाहिनीवरील समालोचकाने, अलीकडच्या वर्षांत कृष्णवर्णीय तरुणांचे वर्णद्वेषापेक्षा हिप-हॉपने अधिक नुकसान केले, अशा अर्थाचे विधान केले होते. केंड्रिकने त्याची टिंगल किंवा नक्कल केली नाही. ते बोलणे त्या समालोचकाच्याच आवाजात गाण्यात घेतले आणि त्यानंतर आपल्या शब्दांचा वेग वाढवला. आपल्याकडील वादपद्धतीत आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचे म्हणणे, प्रामाणिकपणे मांडावा लागतो, मग खंडन. हे मी अनेक वर्षे शिकवत होते, पण मुलांना ते या गाण्यावरून जितके चटकन समजले तितके कोणत्याही निबंधावरून समजले नव्हते.

सदरहून, एक असहमत श्रोता

एवढ्या कौतुकात एक विरोधी सूर असावा. मार्चमधील एका गाण्यात केंड्रिकने ७ एप्रिलची तारीख दिली होती, म्हणून आम्ही मित्र त्या रात्री जागलो. प्रत्यक्षात तेव्हा फक्त आगाऊ नोंदणी खुली झाली. आठवड्याने अल्बम आला आणि मला तो आधीच्या, २०१५ च्या अल्बमपुढे आखडता वाटला. त्यात जॅझचे वादक होते, फंक होते, पसारा होता. येथे सगळे घासूनपुसून बाजारात ठेवल्यासारखे आहे. रिहानाबरोबरचे गाणे मी आजही न ऐकता पुढे जातो.

जरीपटक्याहून, रॅपर

वरील श्रोत्याशी माझे जमणार नाही, कारण मला घासूनपुसून काढणेच शिकायचे होते. आम्ही मराठी आणि आमच्या बाजूची हिंदी मिसळून लिहितो, फुटाळा तलावावर संध्याकाळी म्हणून दाखवतो, आणि प्रत्येक गाणे तयार झाले की लगेच यूट्यूबवर टाकतो. अल्बम ही गोष्ट आमच्या डोक्यात नव्हतीच. डिसेंबर २०१७ मध्ये ‘डॅम’ची नवी आवृत्ती आली, त्यात तीच १४ गाणी उलट्या क्रमाने लावलेली होती. सरळ ऐकला तर तो माणूस आरंभीच मरतो. उलट ऐकला तर वडिलांच्या चांगुलपणाने तो वाचलेला असतो आणि मग हळूहळू त्या गोळीकडे जातो. एकही शब्द न बदलता कथा बदलते, हे पाहिल्यावर मी आमची तयार गाणी टाकणे थांबवले आणि वहीत त्यांचे क्रम लावून पाहू लागलो.

आता आमचा पहिला अल्बम जवळपास तयार आहे. बीट करणारा मित्र म्हणतो की आजोबांच्या गिरणीवरचे गाणे अखेरीस यावे. मला ते आधी हवे आहे, कारण त्यानंतर बाकीची गाणी कोणाची आहेत हे आपोआप कळते. आमचे अजून भांडण चालू आहे.