रेक्सहॅमच्या आधीचं मर्थर

'वेल्समधल्या छोट्या फुटबॉल क्लबांना हॉलिवूडचा पैसा आला तेव्हाच जगाने ओळखलं' असं म्हणतात. हॉलिवूडच्या नटांनी विकत घेतलेल्या रेक्सहॅम क्लबपुरतं हे मत निम्मं खरं मानू, पण मर्थर टिडफिल या क्लबला विसरून कसं चालेल? 1987 मध्ये वेल्श कप जिंकून ही साउथ वेल्सच्या खाणपट्ट्यातली बिगर-लीग (म्हणजे वरच्या व्यावसायिक लीगबाहेरची) मंडळी युरोपियन कप विनर्स कपमध्ये, म्हणजे देशोदेशीच्या कप विजेत्यांच्या स्पर्धेत पोचली आणि घरच्या पेनिडॅरेन पार्कवर त्यांनी इटलीच्या अटालांटा क्लबला चक्क 2-1 ने हरवलं! परतीचा सामना 0-2 गेला, दोन्ही सामन्यांचे गोल मिळून मर्थर बाहेर, संपलं. पण ते अटालांटा पुढे उपांत्य फेरीपर्यंत गेलं, म्हणजे पाहुणे काही लेचेपेचे नव्हते.

आणखी एक गंमत. ज्या मैदानावर हे घडलं त्याच्या खाली रोमन किल्ल्याचे अवशेष आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मैदान तयार करताना ते उजेडात आले. इटलीहून आलेले हरले तेही रोमनांच्याच जागेवर, आता बोला.

2010 मध्ये कर्जापायी क्लब बुडाला तेव्हा मात्र कुठला नट धावून आला नाही. चाहत्यांनीच मर्थर टाउन या जुन्या नावाने तो पुन्हा उभा केला, तोही कित्येक पायऱ्या खाली उतरून.