घरचा ग्रुप : बापूंची मेंढरं

बापू: आज तिसरी गेली. गळ्याखाली पिशवी लोंबत होती, पापणी आतून पांढरीफटक. गेल्या महिन्यात जंताचं पाजलंय सगळ्यांना. लेंड्याही तपासल्या, काही निघालं नाही.

ताई: अरेरे. महामेष योजनेतली ना रे, २० मेंढ्या अधिक १ नर?

विकी: आता १७ अधिक १.

आक्का: विक्या, थोबाड आवर.

सोनू: बापूकाका, कुठलं औषध? बाटलीचा फोटो टाका.

बापू: (फोटो)

सोनू: हे आयव्हरमेक्टिन. गोल जंतांवर चालतं, काळजातल्या चपट्या किड्यावर, पर्णकृमीवर, काही उपयोग नाही. गळ्याची सूज दोन्हींनी येते. काळीज चिरून बघितलं का?

बापू: बघितलं. नळ्यांत पिंपळपानासारखे चपटे किडे.

दाजी: म्हणजे कलेजी बाद. मटणाचं काय?

आक्का: दाजी!!

सोनू: पुरून टाका. पर्णकृमीच आहे. किडा मोठा होऊन अंडी घालेपर्यंत तीन-चार महिने जातात, तोवर लेंडीत दिसत नाही. ट्रायक्लाबेंडाझोल कोवळ्या किड्यांनाही मारतं, ऑक्सिक्लोझानाईड फक्त मोठ्यांना. वजन करून द्यायचं, हातानं उचलून अंदाज नको. जनावरांच्या डॉक्टरसाठीच्या १९६२ नंबरला फोन करून डॉक्टर बोलवा.

बापू: त्यापेक्षा दुकानदार क्लोझँटेल देतोय, स्वस्तात.

सोनू: ते जास्त झालं की मेंढरं आंधळी होतात. डॉक्टरांशिवाय नको. आणि गाभण किती आहेत ते आधी सांगा त्यांना.

ताई: जत्रेची पट्टी ५०० प्रत्येकी. विकी, तुझी राहिलीय.

विकी: किडे आले कुठून पण?

सोनू: पाणथळीतल्या गोगलगायींत वाढतात, तिथून निघून काठच्या गवताला चिकटतात.

दाजी: म्हणजे पाझराचं रान.

बापू: माळावर सोडायची सोय राहिलीय कुठं आता.

नाना: टोमणे समोर येऊन मार. कुंपण माझ्या हिश्शात आहे. मोजणी झालीय.

बापू: मी नाव घेतलं का कुणाचं?

आक्का: आबा होते तोवर माळ सगळ्यांच्या मेंढरांचा होता.

नाना: आबा होते तोवर मोटरचं बिलही आबाच भरायचे.

सोनू: वजन करूनच डोस. आणि डोस देऊन परत पाझरालाच सोडली तर परत होणार. औषध पुढची राखण करत नाही. पाणी हौदातलं पाजा.

विकी: बदकं पाळा, गोगलगायी खातात. यूट्यूबवर आहे.

दाजी: आणि बदकं कोल्हा खातो. तेपण यूट्यूबवर असेल.

नाना: पाझरात मोरचूद टाका, विषय संपला.

सोनू: गोगलगायी मरतील, पण मोरचुदात तांबं असतं, मेंढीला ते फार बाधतं. मासेही जातील. पाझर खाली तुमच्याच विहिरीला उतरतो, नाना.

नाना: बरं.

ताई: पट्टी ५००.

सोनू: वजन करून!

दाजी: पट्टीपण?

नाना: थंडी सरेपर्यंत वरचं फाटक उघडं ठेवतो. बापूनं स्वतः राखायला थांबायचं, पोरगं पाठवायचं नाही. डाळिंबाला तोंड लागलं तर भरपाई.

बापू: कागदावर लिहून देऊ?

नाना: दे.

आक्का: शाब्बास. सख्खे भाऊ ना रे?

ताई: विकी, पट्टी.