घोड्याच्या ट्रेलरचा तळ प्रवासासाठी आरामदायी कसा करावा?

प्रश्न: आमच्या ट्रेलरच्या लाकडी तळावर पातळ रबरी मॅट आहे. लांबच्या प्रवासानंतर घोडीचे पाय आखडतात आणि उतरल्यावर ती मागच्या पायांवर आलटून पालटून भार देत राहते. जाड, मऊ गादी अंथरावी का?

उत्तर १: गादी मुळीच नको, कारण चालत्या गाडीत घोडा प्रत्येक वळणाला आणि ब्रेकला तोल सावरत असतो व खुराखालचा तळ फार दबला तर स्नायूंवर उलट अधिकच ताण येतो. सुमारे १९ मिलिमीटर जाडीची घट्ट रबरी मॅट भिंतीपासून भिंतीपर्यंत नेमकी कापून बसवावी, कारण उचललेल्या कडेत खूर अडकतो. वर रंध्याच्या भुशाचा थर द्यावा. तो मूत्र शोषतो, त्यामुळे घसरण कमी होते. अनेक घोडे पाय ओले होतील म्हणून मूत्र रोखून धरतात, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

उत्तर २: भुसा धुळकट असल्यास हलके पाणी शिंपडावे. बंद जागेतील धूळ फुप्फुसांना बाधते.

उत्तर ३: नवी मॅट टाकण्याआधी जुनी उचलून फळ्या पाहाव्यात. खाली झिरपलेल्या मूत्राने लाकूड कुजते. स्क्रूड्रायव्हरचे टोक सहज रुतले, तर ती फळी बदलल्याशिवाय घोडी चढवू नये.