अनुभव धागा : शिल्पकाराचे घर आणि आपण कोल्हापूरकर

रंकाळाकाठ :
मुलीला शाळेतून राजर्षी शाहू महाराजांच्या कार्यावर प्रकल्प करायला दिला आहे. वसतिगृहे, राधानगरी धरण, खासबाग मैदान हे सगळे तिने भराभर लिहून काढले आणि पुण्याच्या अश्वारूढ शिवस्मारकापाशी येऊन विचारले, "बाबा, पुढाकार महाराजांचा हे कळले, पण पुतळा घडवला कोणी?" त्या प्रश्नाने मला थेट सासवण्याला नेऊन सोडले, म्हणून हा धागा काढतो आहे.

या स्मारकाची पायाभरणी १९२१ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते झाली, पुढच्याच वर्षी शाहू महाराज गेले, राजाराम महाराजांनी काम तडीस नेले आणि १९२८ मध्ये पुतळ्याचे अनावरण झाले. शिल्पकार होते विनायक पांडुरंग ऊर्फ नानासाहेब करमरकर (१८९१–१९६७). अलिबागजवळच्या सासवणे या त्यांच्या गावी त्यांचे घर शिल्पालय म्हणून जपलेले आहे. याच गावातल्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी लहानपणी काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र तेव्हाचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेस पडले आणि त्यांनीच या मुलाला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत पाठवण्याची व्यवस्था केली. पुढे कलकत्ता झाले, लंडन झाले, मोठमोठ्या माणसांचे पुतळे झाले.

मी मात्र तिथे गेलो तो त्या मोठ्या पुतळ्यांच्या ओढीने, आणि अडकून पडलो भलतीकडेच. अंगणात आणि घरात बसलेली, उभी असलेली बहुतेक माणसे कोणत्याही चौकात उभी राहण्याजोगी नाहीत. 'मत्स्यगंधा' आहे, हमाल आहे, म्हातारी माणसे आहेत, कुत्रा आहे, म्हैस आहे. चौथरा नाही, कुंपण नाही. त्यामुळे मान वर करून पाहावे लागत नाही, आपण त्यांच्या बरोबरीने उभे राहतो. पुतळा पाहण्याची आपल्याला चौकात जी सवय लागलेली असते, ती या घरात पहिल्या पाच मिनिटांत मोडते. तुमच्यापैकी कोणी तिथे किंवा अशा एखाद्या कलावंताच्या घरी गेले असेल, तर सविस्तर लिहावे.

शाडूवाला :
मूर्तिकाम हा आमचा घरचा धंदा असल्यामुळे मी तिथे प्रत्येक शिल्पाच्या पाठीमागे जाऊन उभा राहत होतो, तेव्हा सोबतच्या मंडळींना माझी कीव आली असावी. त्याचे कारण सांगतो. मातीत केलेल्या कामावर प्लास्टरचा साचा तुकड्यातुकड्यांनी चढवतात आणि मग त्यात सिमेंट भरतात. साचा सुटल्यावर तुकड्यांच्या सांध्यांच्या बारीक रेघा उमटलेल्या असतात. समोरच्या रेघा सगळेच घासून काढतात; पाठीमागच्या, काखेतल्या, कानामागच्या कोण काढतो, यावर कारागीर ओळखावा असे माझे वडील सांगत.

सिमेंट स्वस्त, म्हणून ते हलके माध्यम असे आमच्या धंद्यातही मानणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. सिमेंट एकदा धरले की त्यात मागाहून फेरफार करणे फार कठीण, आणि बोटे, कानाच्या पाळ्या, वस्त्राच्या कडा असे पातळ भाग साच्यातून काढतानाच तुटतात. शिवाय आत आधाराला लोखंडी सळी असते. खाऱ्या हवेत ती गंजते, गंजली की फुगते आणि वरचे सिमेंट तडकते. समुद्र इतका जवळ असताना ही कामे जपणे म्हणजे रोजची राखण आहे. सासवण्याला गेलात तर जपणाऱ्यांचेही दोन शब्दांनी कौतुक करून या.

चिखलीची सून :
वरचे सगळे वाचले, पटले, परंतु आमच्या सहलीत शिल्पकलेवर कोणी बोललेच नाही. आमच्या सासूबाईंनी आयुष्यभर गोठा सांभाळला आहे. त्या म्हशीपुढे बसल्या आणि शिंगांची वळणे, पाठीचा उतार, बसताना दुमडलेला पाय असे एकेक तपासू लागल्या. गंगावेशीत म्हैस समोर उभी करून धारोष्ण दूध देतात, पाडव्याला म्हशी सजवून मिरवतात, अशा गावच्या बाईपुढे म्हैस घडवून ठेवणे हे धाडसच म्हणायचे. अखेर त्यांनी निकाल दिला, "बसलीय बरोबर." त्यांच्या तोंडून इतकी स्तुती माझ्या वाट्याला अजून आलेली नाही.

रंकाळाकाठ :
ताई, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. कलासमीक्षक म्हणून त्यांना यापुढे प्रत्येक प्रदर्शनाला नेले पाहिजे.

राजारामपुरीकर :
सासवण्याला मी अद्याप गेलेलो नाही, पण घराचे संग्रहालय झालेले पाहायचे असेल तर कोल्हापूर सोडण्याची गरज नाही. चित्रकार आणि अभिनेते चंद्रकांत मांडरे यांचे 'निसर्ग' हे राजारामपुरीतले घर आज कलासंग्रहालय आहे आणि रंगांची कोरडी पूड कागदावर घासून छटा चढवण्याची, म्हणजे पावडर शेडिंगची, त्यांची निसर्गचित्रे तिथे आहेत. पाहुणे आले की आपण त्यांना नव्या राजवाड्यात नेतो, रंकाळ्यावर भेळ खायला घालतो आणि या घरावरून गाडी पुढे काढतो. याचा मला मनापासून राग येतो.

साचेवाल्याचा नातू :
शाडूवाला यांनी सांध्यांविषयी लिहिलेले वाचून लिहायला बसलो. माझे आजोबा पुतळ्यांची कामे करत. त्यांच्या शेडमध्ये भिंतीला लागून प्लास्टरचे साचे रचलेले असत आणि प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर पेन्सिलीने आकडा घातलेला असे, कारण एक तुकडा जरी इकडचा तिकडे झाला तरी नाक वाकडे यायचे. ते गेल्यावर जागेची वाटणी झाली, शेड पाडली गेली आणि ते सगळे साचे इमारतीच्या पायात भर म्हणून गेले. कोणाचा दोष काढावा असे नाही. साचा हा बाहेरच्या माणसाला फुटक्या प्लास्टरचा ढीगच दिसतो. सासवण्याच्या त्या घरात फिरताना माझे शिल्पांकडे लक्ष कमी होते आणि एका घराने हे सगळे मोडू दिले नाही याचाच हेवा अधिक वाटत होता.

शाडूवाला :
दादा, वाचून फार वाईट वाटले. आकडे घातलेले साचे म्हणजे त्या माणसाची वहीच असते. आपल्याकडे बाबूराव पेंटरांसारखा माणूस होऊन गेला, ज्याने कॅमेरा घडवला, चित्रे काढली, शिल्पेही केली. त्यांचे चिरंजीव रवींद्र मेस्त्री यांची ताराराणी कावळा नाक्यावर मागच्या दोन पायांवर उभ्या असलेल्या घोड्यावर स्वार आहे. तिथून रोज हजारो माणसे जातात. पण एवढा भार दोनच पायांवर कसा तोलला असेल, असे विचारताना मला अजून कोणी भेटलेले नाही. आजोबांची हत्यारे तरी राहिली आहेत का?

साचेवाल्याचा नातू :
मातीकामाची लाकडी हत्यारे आईने पिठाच्या जुन्या डब्यात ठेवली होती, म्हणून वाचली. कला महाविद्यालयात शिकणारा शेजारचा मुलगा ती सध्या वापरतो आहे.

चिखलीची सून :
कोल्हापूरहून जायचे कसे, हे कोणीच लिहिलेले नाही. आम्ही गाडीने पुण्यावरून खोपोली, पेण, वडखळ असे गेलो. मुंबईत मुक्काम असेल तर गेटवेवरून मांडव्याची लाँच घ्यावी, तिथून सासवणे जवळ पडते. पावसाळ्यात मात्र गेटवेची लाँच बंद असते; मग रस्त्याने नाहीतर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीने जावे. जेवायला मासे मिळतील; तांबडा-पांढरा मागू नका, आमच्या ह्यांनी मागितला होता.